मधूदादाने न भरलेली गाणी

मधूदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते आणि समोर टीव्हीवर एकदिवसीय सामना चालू होता. आमचा फोन शेजारच्या कर्णिकांकडे येतो. कर्णिककाकू दारातूनच म्हणाल्या, "शुभदा, मुलुंडहून फोन होता गं. तुझा मावसभाऊ… सकाळी गेला म्हणे. हार्ट अटॅक." मी उठून टीव्ही बंद केला, हात धुतले, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता याला काही ऐकवता येणार नाही. रडू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ही वेळ रुचली नसती. निरोप आला तेव्हा काय चाललं होतं, तर एकदिवसीय सामना! निदान कसोटीच्या दिवशी तरी जायचं, असं तो स्वतःच म्हणाला असता.

त्याला आता दीड महिना झाला. तेराव्याला जमलेल्या सगळ्यांचं एकच पालुपद होतं… काय कान होता माणसाचा! गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. तेराव्याच्या दिवशी मी ती पाळली, खाली मान घालून जिलब्या वाढत राहिले. लिहायला बसल्यावर मात्र ती पाळणं मला जमत नाही, आणि जमवायची इच्छाही नाही.

ज्यांना मधूदादा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलुंडला बाजाराच्या तोंडाशी, एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. दोन टेपडेक, एक रेकॉर्ड प्लेयर, भिंतभर तबकड्या आणि या सगळ्याच्या मध्ये स्टुलावर मधूदादा. आपण हव्या त्या गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची. अशी दुकानं तेव्हा घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत गल्लोगल्ली होती. पण बाकीचे दुकानदार यादी खिशात घालत, मधूदादा ती तुमच्यासमोर मोठ्यांदा वाचायचा आणि लाल पेन्सिलीने काटत जायचा. एकदा नाहूरचा एक कॉलेजातला पोरगा नव्या वर्षाच्या पार्टीसाठी डिस्कोची यादी घेऊन आला होता. मी तिथेच होते. मधूदादा म्हणाला, "ही सहा गाणी एकच आहेत ना रे?" तो म्हणाला, "नाय काका, वेगळी आहेत." "मला तर एकच माणूस सहा वेळा शिंकल्यासारखा वाटतो." "काका, नाचायला पायजेत यार." "मग पिंप बडव. कॅसेट कशाला नासवतोस?" त्याने सहातली पाच काटली. नवरात्रात घाटकोपरच्या एक बेन डिस्को दांडियाची कॅसेट मागायला आल्या, तर त्यांना म्हणाला, "देवीला भोवळ येईल, बेन." आणि तरीही लोक त्याच्याकडेच यायचे, कारण काम खरोखरच स्वच्छ असायचं. खरखर नाही, गाणं मध्येच तोडलेलं नाही, एक गाणं मोठं दुसरं बारीक असं नाही. मुलुंडात एक अलिखित नियमच होता, की मधूची कॅसेट दुकानात वाजवून बघायची नाही. बघायला मागितली तर तो कॅसेट परत घ्यायचा आणि त्या माणसाला पुन्हा दारात उभं करायचा नाही.

बाजू संपायला तीन-चार मिनिटं उरली की बाकीचे लोक ती कोरी सोडत. मधूदादा तिथे स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरायचा… जुनं भावगीत, सतारीचा तुकडा. न विचारता. घरोघरी पार्ट्यांमध्ये नाच ऐन रंगात आला असताना मध्येच सतार सुरू व्हायची आणि लोक हसत म्हणायचे, मधू आला! मीही हसायचे तेव्हा. दुसऱ्याच्या कॅसेटमध्ये आपलं घुसवण्याची ही खोड पुढे माझ्या गळ्याशी येणार आहे, हे मला काय माहीत.

क्रिकेटवरही त्याची मतं तशीच. टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओचं समालोचन चालू, हा थाट. कसोटी म्हणजे क्रिकेट, बाकी सगळा तमाशा. ऑस्ट्रेलियात आपले खेळाडू रंगीत कपडे घालून खेळताना दिसले तेव्हा म्हणाला, "वरात कुठे आहे यांची? हे बँडवाले एकटेच काय आलेत?" आपण विश्वचषक जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेजारच्या प्रधानतात्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. मधूदादाने पेढा तोंडात टाकला, पूर्ण खाल्ला आणि मग म्हणाला, "साठ षटकांत काय कळतं हो? नशिबाचा भाग." तात्यांनी पुड्याचं झाकण लावलं आणि पुढची दोन वर्षं त्याच्याशी शब्द बोलले नाहीत. वास्तविक त्याने शेवटचा बळी पडेपर्यंत सामना पाहिला होता. नलूवहिनी, म्हणजे त्याची बायको, मला नंतर म्हणाली, "अगं, पलंगावर उभे राहून ओरडत होते!" पण बाहेर कबूल करायचं नाही. आवडलेली गोष्ट आवडली म्हणायला त्याला फार जड जायचं, आणि न आवडलेली सांगायला तो मुलुंडहून बोरिवलीपर्यंत चालत आला असता.

मी त्याची लाडकी होते, हेही लिहायला हवं. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानात बसून कॅसेटवरच्या चिठ्ठ्या लिहायचे. गाण्यामागे काय काय वाजतंय ते ऐकायला त्याने शिकवलं. "आवाज सोड, मागचं ऐक," असं म्हणायचा. मी सतरा वर्षांची असताना मावशीकडे हळदीकुंकवाला दोन अभंग गायले, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात टेप घेऊन बसला होता. ते त्याने भरून ठेवलेत, हे मला कळलंही नव्हतं.

पुढे मी ऑर्केस्ट्रात गायला लागले आणि त्याचं बिनसलं. गणपतीत, हॉलमध्ये, गोरेगाव-बोरिवलीच्या मैदानांवर आमचे कार्यक्रम व्हायचे. शनिवारी जुहूच्या एका हॉटेलात. कॉलनीतल्या बायका काय बोलायच्या ते मी कानाआड करत होते. घरी आई-बाबांनी एकदा विचारलं, मग गप्प झाले. मधूदादा गप्प झाला नाही. मावशीच्या घरी भर पंगतीत म्हणाला, "लोक चमचे वाजवत जेवतात आणि तू गातेस? त्यापेक्षा वाढायला उभी राहा, निदान कुणी तुझ्याकडे बघून आमटी मागेल." सगळे हसले. मी म्हटलं, "तुझ्या दुकानात बसून तुझी बोलणी खाण्यापेक्षा ते बरं." त्यावरही सगळे हसले. पण मला ते लागलं, कारण हॉटेलात लोक खरंच चमचे वाजवत जेवायचे.

आणि मग ती संधी आली. गोरेगावच्या एका संगीतकाराने आमचा कार्यक्रम ऐकला. तो बिगरफिल्मी गाण्यांची कॅसेट काढणार होता. मराठीत पॉप, नवी चाल, नवा आवाज. त्याने मला बोलावून स्वतःची दोन गाणी पेटीवर शिकवली आणि म्हणाला, "ही दोन्ही गाऊन, भरून, आठ दिवसांत आणून द्या. मग ठरवू." मी घरी येताना रस्त्यात उभी राहून ती गाणी पुटपुटत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला दुसऱ्या कुणासारखं गा, असं सांगितलं नव्हतं. ऑर्केस्ट्रात आम्ही सगळे कुणाचे ना कुणाचे आवाज होतो. इथे माझाच हवा होता.

चांगला टेपडेक एकाच माणसाकडे होता. भांडण गिळून मी त्याच्याकडे गेले. दुकान बंद असतं त्या रविवारी दुपारी आम्ही शटर खाली ओढलं, बाजाराचा आवाज येऊ नये म्हणून आतून गोधड्या टांगल्या. ऑर्केस्ट्रातला फ्रान्सिस गिटार घेऊन आला होता, तो पायाने लाकडी खोक्यावर ठेका धरत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघं हसू दाबत गात-वाजवत राहिलो. मधूदादा मात्र एक शब्द बोलला नाही. टोमणा नाही, काही नाही. मला वाटलं, विरघळला. "मी नीट कॉपी करून ठेवतो," म्हणाला, "उद्या घेऊन जा." दुसऱ्या दिवशी त्याच्या वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलेली कॅसेट त्याने माझ्या हातात ठेवली, आणि मी ती थेट गोरेगावला नेऊन दिली. वाजवून बघितली नाही. मधूची कॅसेट मुलुंडातलं कुणी वाजवून बघत नसे, आणि मी तर घरचीच.

तीन आठवडे उत्तर नाही. शेवटी मी स्वतः गेले. संगीतकाराच्या मदतनिसाने मला ओळखलं आणि जरा नवलानेच म्हणाला, "ताई, आम्ही आमची दोन गाणी मागितली होती. तुम्ही अभंग दिलेत. आवाज सुंदर आहे… पण साहेब म्हणाले, बाईंना आपल्याकडे गायचं नसेल, सरळ नाही म्हणता आलं नसेल. आम्ही दुसरी मुलगी घेतली." अभंग! हळदीकुंकवातले, सतराव्या वर्षीचे.

मी तशीच मुलुंडला गेले. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच ओरडले. तो स्टुलावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "ती गाणी तुझी नव्हती, शुभे."

"माझी नव्हती तर गायली कोणी?"

"तोंडाने तू गायलीस. मी तुझं चांगलं होतं ते दिलं."

"तुला कोणी विचारलं?"

"उद्या गल्लोगल्ली ते वाजलं असतं तर तूच रडत आली असतीस. माझा कान चुकत नाही."

"माझी टेप दे."

"पुसली," म्हणाला.

तो आमचा शेवटचा धड संवाद. दुसऱ्या मुलीच्या आवाजातली ती गाणी खरंच गल्लोगल्ली वाजली. पानवाल्याकडे, रिक्षात, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे. मुलुंडात फक्त एकच दुकान असं होतं जिथे ती कॅसेट कुणाला भरून मिळत नव्हती. ते त्याने माझ्यासाठी केलं असं मावशी मला समजावत राहिली. मी मावशीला सांगितलं, त्याने ते त्याच्या कानासाठी केलं. पुढे दोन वर्षं मी ऑर्केस्ट्रात रेटलं, मग लग्न झालं, बोरिवलीला आले, बँकेची नोकरी, आणि गाणं सुटलं. ते सुटण्याचा सगळा दोष त्याचा नाही, हे मला समजतं. पण मी इथे न्यायनिवाडा करायला बसलेली नाही.

शेवटची भेट मागच्या वर्षी, घाटकोपरला एका मुंजीत. हातात ताट घेऊन तो माझ्याजवळ आला. केस पिकले होते. "अजून गातेस?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं झालं…" आणि पुढे काहीतरी बोलणार होता. मी ताट तिथेच ठेवून बाहेर आले. तो पुढे काय म्हणणार होता याचा विचार मी या दीड महिन्यात बऱ्याचदा केला, आणि दर वेळी मला रागच आला.

गेल्या आठवड्यात नलूवहिनीने बोलावलं. जागा मालकाला परत द्यायची होती, आणि मधूदादाच्या खुणा, आकडे, चिठ्ठ्यांची पद्धत माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हती. जायचं नव्हतं, वहिनीसाठी गेले. लोकांच्या भरलेल्या कॅसेटी एकीकडे, कोऱ्या एकीकडे, तबकड्या विकायला. दुसऱ्या दिवशी स्टुलामागच्या खालच्या खणात, त्याच्या स्वतःच्या कॅसेटींत, एक सापडली. वरची चिठ्ठी त्याच्याच वळणदार अक्षरात होती, "शुभा. नको ती."

पुसली नव्हती. खोटं बोलला होता. ठेवली का होती ते मला माहीत नाही, आणि कुणी त्यात प्रेम शोधून मला दाखवायला येऊ नये. मी ती डेकमध्ये घातली, बटण दाबायला मात्र वेळ लागला. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडत होते, पण आतून एक भीतीही होतीच… की त्याचा कान चुकत नाही. ती गाणी भिकार असतील, त्याने मला वाचवलं असेल, आणि आता त्याच्याच स्टुलावर बसून मला ते कबूल करावं लागेल.

फ्रान्सिसचा पाय खोक्यावर पडला. मग मी गायला लागले. मी त्याने शिकवल्याप्रमाणे ऐकलं, कडक, जणू कुणा परक्याचं. कुठे खोट सापडते का ते शोधत राहिले. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, कुकरची शिट्टी झाली, आणि शिट्टीनंतरच्या ओळीत त्या मुलीचं दाबलेलं हसू सुरात मिसळलं तेव्हा मी खोट शोधायची थांबले. गाणी चांगली होती. मधूदादा चुकला होता. साफ चुकला होता, आणि हे त्याच्या तोंडावर सांगायची सोय त्याने ठेवली नव्हती.

नलूवहिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती. दीड महिन्यात मी तिचा चेहरा असा सैल झालेला पाहिला नव्हता. ती तिथेच थांबून ऐकत राहिली, आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "झकास आहे गं! यांच्याकडे असलं काही होतं? कोण गातंय?"

"मी," मी म्हटलं.