यंत्रापाशी उभा केलेला शिपाई

मनीषनगरातली आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. खिडक्या कमी झाल्या आणि वीस वर्षं कंत्राटावर राबलेल्या शिपायाला पासबुक छापायच्या यंत्रापाशी उभं केलं. तो आधी हात शर्टाला पुसायचा, मग म्हाताऱ्यांना पासबुक कसं सरकवायचं ते न चिडता दाखवायचा.

एकदा मला हळूच म्हणाला, "साऱ्याईले जमलं का मले घरी बसवतीन, साहेब."

"मग शिकवता काहून?"

"थे आजी इतक्या उन्हात आली. तिले तशीच परत धाडू का?"

दिवाळीच्या तोंडावर त्याला काढलं. त्या दिवशी रांगेत कुणाचंच अडलं नाही, त्यामुळे तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.