हजेरीमास्तरांचा नियम

आमच्या ऑफिसात त्यांना हजेरीमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. दूरच्या खाणींवर, चौक्यांवर, दवाखान्यांवर इंटरनेटसाठी ज्या डिश बसवल्या आहेत, त्यांची हजेरी घ्यायची आणि उपग्रहावरची जागा त्यांना वाटून द्यायची, हे त्यांचं काम. माझं टेबल शेजारचं, म्हणून हे मला सांगावं लागतंय. हौस म्हणून नाही.

डिश चालू झाली की आधी तिने आपलं नाव कळवायचं. दोघी एकदम बोलल्या तर एकीचंही ऐकू येत नाही; थोडं थांबून पुन्हा हाक मारायची. नाव लागलं की वाटा मिळतो. जागा एवढीशी आणि खाणारी तोंडं दीडशे, त्यामुळे रोज भांडणं. मास्तरांनी तोडगा काढला. मागच्या महिन्यात ज्याने जितकं वापरलं, त्या मानाने त्याचा पुढचा वाटा. वशिला नको, रडगाणं नको. साहेबांनी पाठ थोपटली. मीही मान डोलावली.

यात काटकसर करणारा मरतो, हे आम्हा शहाण्यांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. खाणीच्या छावणीत दिवसभर सिनेमे चालत, तिचा वाटा फुगत गेला. डोंगरातल्या एका दवाखान्यात मास्तरांची थोरली बहीण नर्स होती. बॅटरी पुरावी म्हणून ती डिश गरजेपुरतीच लावायची, आणि तिचा वाटा दर महिन्याला घटत गेला. शहरातून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं पडद्यावरचं चित्र मधेच गोठतं, असं तिने दोनदा कळवलं. मास्तरांनी तिला नियम समजावून सांगितला. आई गेल्यावर ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, म्हणून तर ते जास्तच ताठ झाले.

एका दुपारी आमच्याकडची वीज जाऊन आली आणि सगळ्या डिश एकदमच नाव सांगायला धावल्या. त्या गर्दीत दवाखान्याची हजेरी लागायलाच चार मिनिटं गेली. मग वाटा मिळाला तो चिमूटभर. आमच्या पडद्यावरची दवाखान्याची ओळ पिवळी झाली, म्हणजे मागणी आहे पण जागा नाही. हाताने वाटा वाढवणं एका बटणाचं काम होतं. मी म्हटलं, "द्या की थोडं. ताई आहे तुमची."

"ताई आहे म्हणूनच नाही. आपला तो बाळ्या आणि लोकांचं ते कार्टं, हे माझ्याकडे चालणार नाही."

मला ते उत्तर आवडलं, खोटं कशाला बोलू. औषधांची यादी पाठवत असेल, असं आम्ही दोघं धरून चाललो. मी चहा आणायला गेलो. परत आलो तोवर ओळ विझली होती.

तिकडे एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. काय करायचं ते डॉक्टर दाखवत होते, आणि ताईला अर्धा हात दिसत होता, अर्धं वाक्य ऐकू येत होतं. बाळ तेवढं वाचलं.

चौकशी झाली. यंत्रणेत दोष नाही, वाटप नियमानुसार झालं, असा अहवाल आला. मास्तरांवर ठपका ठेवला असता तर बरं झालं असतं, निदान कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. नियम बदला म्हणून त्यांनी स्वतः अर्ज केला. साहेबांनी तो बाजूला ठेवला. खाण मोठं गिऱ्हाईक होतं.

पुढच्या महिन्यात दवाखान्याचा वापर एकाएकी कितीतरी पटींनी वाढला. मास्तरांना वाटलं, काहीतरी बिघडलंय. त्यांनी ताईला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"काही बिघडलं नाही," ताई म्हणाली. "आता बॅटरी वाचवत नाही, रिकाम्या खोलीत दिवसभर सिनेमे लावून ठेवते. तुझ्या कागदावर वापर दिसायला हवा ना? एवढंच करायचं होतं, तर मला आधी का नाही सांगितलंस रे?"

मास्तरांनी फोन ठेवला नाही. पलीकडच्या खोलीतलं सिनेमातलं गाणं आम्हाला नीट, शेवटपर्यंत ऐकू आलं.