माझ्या पिठातले काळे किडे

कसं सांगू अन् कोणत्या तोंडानं सांगू! कुणी हसलं तर चहाचा कप हातातून काढून घेईन, आधीच सांगते. अजून डोकं तापतं माझं.

तो दुष्काळाचा उन्हाळा. मुकुंदवाडीच्या मागं आमची गल्ली. पलीकडं ज्वारीच्या रानात सात-सात मजली इमारती उठलेल्या, अन् आमच्या नळाला नुसती हवा! टँकर आला की मारामारी. जो तो आपला पाईप टँकरच्या तोंडात खुपसतो. शेजारचा बाबूराव तर सगळ्यांच्या मागून येणार, आपला पाईप उपसून फेकणार अन् स्वतःचा घालणार. मुडदा बशिवला त्याचा!

वरच्या खोलीत माझी भाडेकरू, रंजना. पाचोडची पोर. विद्यापीठात शिकायची. कशावर? किड्यांवर! पाणी नाय म्हणून तिथं सुट्ट्या लवकर लागल्या, तर ही बया बरण्या घेऊन घरी आली. बरण्यांत पीठ, पिठात किडे, तोंडाला फडकी बांधलेली.

मला म्हणती, "आज्जी, काय बी करा, पण माझ्या बरण्यांना हात नका लावू."

आता हे मला सांगायचं असतं का? सख्ख्या व्याह्याच्या चहात मीठ घातलेली बाई मी!

पण पोरीचं घोडं अडलेलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला सरांना काम दाखवायचं. नाय दाखवलं तर तिचा बाप म्हणणार, "बस झालं शिक्षण." पैठणचं एक स्थळ बाशिंग बांधून बसलेलंच होतं.

आमच्यात रोज भाकरी. गव्हाच्या पिठाचा डबा सणावारी उघडायचा. एक दिवस उघडला, तर काय! काळे काळे किडे, नुसते वळवळतेत! एवढं आयुष्य गेलं, माझ्या पिठात कधी किडा पडला नाय. टाळकंच फिरलं माझं.

"ही त्या भवानीचीच पिल्लावळ!"

भवानी कुठं होती? माझाच पाईप घेऊन टँकरला गेलेली. मी चाळणी घेतली अन् गेले वर. एक बरणी ठेवली नाय. सगळं पीठ चाळलं, सगळे किडे एका बरणीत कोंबले, पीठ गच्चीवर उन्हात पसरलं. रिकाम्या बरण्यांत कडुलिंबाचा पाला खोचला. घे, शीक आता!

पोरगी घामानं निथळत आली. "आज्जी, बाबूरावानं पुन्हा आपला पाईप उपसला! अर्धाच ड्रम भरला!"

दोघींनी मिळून बाबूरावाचा उद्धार केला. मग ती वर गेली. अन् अशी किंचाळली, अशी किंचाळली, समोरच्या इमारतीवरचे गवंडी थापी धरून बघत राहिले!

ती बरणी छातीशी धरून खाली आली. "आज्जी! काय केलं हे?"

"साफ केलं! तुझे किडे माझ्या डब्यात आले!"

"अहो, एकेका बरणीत एकेक मादी होती! तिच्याजवळ आधी लाल नर सोडला, मग काळा. पिल्लांच्या रंगावरून कळतं, बाप कोण!"

"बाई बाई बाई! दोन-दोन नवरे?"

"व्हय! अन् मागून आलेला पहिल्याचं बीज खरडून काढतो, आपलं भरतो. जास्त लेकरं मागच्याची होतात का, तेच तर बघत होते मी!"

मी ताडकन उठले. "म्हंजी हा तर बाबूराव!"

पोरगी हसली नाय. मटकन बसली अन् रडायलाच लागली. "आता कुणाचा बाप कोण, काय सांगू सरांना? लाल कुठल्या बी दुकानात सापडतील, पण काळे लांबून मागवले होते. सगळे मिसळले. आबा तर पाव्हणेच घेऊन येणार आता."

पण हार मानीन तर मी कसली! डबा आणून तिच्यापुढं आपटला. "मग तुझ्या किड्यांनी इथं मरायचं कशाला?"

तिनं डोळे पुसले. डब्यात बघितलं. पुन्हा बघितलं.

"आज्जी, हे तर सगळे काळे."

"दिसतंय की! मी काय आंधळी?"

"नुसते काळे फक्त माझ्या मोठ्या बरणीत होते. ह्यांना काचेवर चढता येत नाय. वरून फडकं बी बांधलेलं. मग हे खाली आले कसे?"

मी छताकडं बघायला लागले.

"आज्जी…?"

आता तुम्हीच न्याय करा! उन्हाळा लागताना खुलताबादची विहीण न सांगता जेवायला टपकली. घरात गव्हाचं पीठ नाय, गिरणीत लाईट नाय, अन् वर पोरीच्या खोलीत बरणीभर पीठ! घेतलं थोडं. चाळून घेतलं, किडे परत टाकले, फडकं होतं तसं बांधलं. उरलेलं डब्यात सारलं, नंतर त्यावरच दळण ओतलं. चाळणीत किडे अडतात अन् अंडी खाली पडतात, हे मला कोण शिकवणार? दुसरीतून तर काढलं होतं मला शाळेतून!

रंगावरून बाप कळतो म्हणं. कळला! बाप मीच!

आता ही पोरगी माझ्या झिंज्या उपटणार, असं वाटलं. तर तिनं डबाच कवटाळला. "आज्जी, ह्यात लाल एक बी नाय! ह्यांच्यावरून सगळं पुन्हा मांडता येईल!"

अन् माझा डबा घेऊन पळाली वर.

तिचे आबा आले पाव्हणे घेऊन. मी दारात आडवी. "पोरीचं काम ह्या थेरडीनं नासवलं, तिला वेळ द्या! नायतर मला न्या सून म्हणून!" एवढी तणतणले की पाव्हणे चहा न घेताच वाटंला लागले.

पुढं काम झालं पोरीचं. सरांनी पाठ थोपटली. पण तिच्या खोलीला तेव्हापासून हे मोठं कुलूप, अन् माझा डबा कुलपाच्या आत!

त्यात विहिणीचे निरोप येतात. "त्या दिवशीसारख्या खमंग पोळ्या पुन्हा कधी करता?"

रंजना दात काढती. "आज्जी, विहीणबाईंनी किती खाल्ल्या हो?"

"दोन."

"अन् बाकीच्या?"

मी तिच्यावर लाटणं उगारलं. पण काय सांगू तिला? पोळ्या इतक्या खुसखुशीत झाल्या होत्या, की विहीण गेल्यावर ताट पुढ्यात ओढून उरलेली चवड मीच संपवली होती!