हळदीकुंकवाचा चहा

ओतूरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बसलेली एक बाई सारखी उठून नळावर चूळ भरायची आणि पदरानं ओठ घासून पुसायची. गाडी लागते का, असं मी विचारलं, तशी ती जवळ सरकली.

"ताई, शेजारणीकडं हळदीकुंकवाला च्या पिले. आता कळलं, तिला एचआयव्ही हाय. मला व्हईल का वं?"

चहानं होत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"आन मंग कशानं व्हतो?"

मी हळू आवाजात सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात मंगळसूत्रावर गेला.

"आमचं मालक भाजीची गाडी घेऊन मुंबईला असत्यात," ती म्हणाली. "दोन्ही बाळंतपणांत माझं रक्त तपासलं. त्यांचं कुणी तपासलंच न्हाई."



तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवराच होता. "आज येताय ना मुक्कामाला?" तिनं नेहमीच्या सुरात विचारलं. पलीकडून होकार आला असावा. फोन ठेवून ती सवयीनं नळाकडं निघाली आणि अर्ध्यातच थांबली.