आनंदरावांची शाई

शाईच्या गोष्टींचं शाईसारखंच आहे. एक थेंब सांडतो आणि पुसता पुसता दहा ठिकाणी लागतो. मी एक किस्सा सांगायला बसते, तर सेतुराव मध्येच ओरडतात, "टीचर, ते पक्कडीचं आधी सांगा!" अहो, सांगते. धीर धरा की!

दर रविवारी सकाळी तंजावरात आनंदरावांच्या ओट्यावर आम्ही तिघं जमतो. ओट्याला आम्ही तिण्णै म्हणतो. आनंदराव ब्याऐंशी वर्षांचे, सगळा जन्म पापनाशमला लोकांचे दस्त लिहिण्यात गेला. सेतुराव रिटायर्ड पोस्टमास्तर, चिकटपणात पहिला नंबर. आणि मी तिरुवैयारूच्या शाळेत केमिस्ट्री शिकवलेली. म्हणून कुठलंही भांडण झालं की न्यायाधीश मीच!

हे भांडण लावलं आनंदरावांच्या सुनेनं, हेमानं. आनंदरावांचा हात हल्ली थरथरतो. बाटलीतून पेन भरताना एकाच महिन्यात दोनदा शाई सांडली, तीही नव्या पांढऱ्या टाइल्सवर. हेमानं यूज-अँड-थ्रो फाउंटन पेनांचं पाकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मामंजी, ह्यात शाई भरलेलीच असते. संपली की पेन फेकायचं. आणि आणखी एकदा सांडली ना, तर बाटली घराबाहेर!"

मामंजींचं तोंड एवढंसं झालं. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "टीचर, रोज सकाळी उठून पेन भरायचं, एवढं एकच काम राहिलंय माझं. तेही गेलं तर उठायचं कशाला?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, रीतसर परीक्षाच घेऊ. बाटली जिंकली तर हेमा काय बोलणार?

*

पहिला पेपर पाण्याचा. एकाच कागदावर दोन्ही शायांनी आनंदरावांनी आपलं नाव लिहिलं. दोन्हींवर मी एकेक थेंब पाणी टाकलं. पाकिटातली शाई जागची हलली नाही. बाटलीतले आनंदराव मात्र वाहत वाहत कागदाच्या कडेला जाऊन पोचले!

"अय्यो!" सेतुराव म्हणाले. "मग इतकी वर्षं तुम्ही लिहिलेले दस्त?"

आनंदरावांनी फिल्टर कापीचा घोट घेतला.

"लिहिणं माझं काम. कोरडे ठेवणं सरकारचं!"

*

आता पक्कडीचं. पाकिटातलं पहिलं पेन संपलं. फेकायचं म्हटल्यावर सेतुरावांच्या जिवाला घोर लागला. हा माणूस आलेला लिफाफा उलटा करून परत वापरतो, तो पेन फेकतोय होय! घरून पक्कड आणली, निब उपसून काढली, सिरिंजनं आनंदरावांच्या बाटलीतली शाई आत सोडली आणि निब परत ठोकून बसवली. पेन झकास चालायला लागलं.

आता वाद असा की हे पेन कुठल्या पार्टीत मोजायचं? पाकिटाच्या की बाटलीच्या?

"आमच्यासारखंच आहे ते," सेतुराव छाती फुगवून म्हणाले. "अंग इकडचं, पण आत अस्सल मराठी!"

आणि हे सगळं ते तमिळमध्ये म्हणाले.

*

ह्याच्याही आधीचा एक किस्सा राहिला. गेल्या सरस्वतीपूजेचा. आमच्याकडे त्या दिवशी पेनं-पुस्तकं देवीपुढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी उचलेपर्यंत लिहायचं नाही, वाचायचं नाही. नेमका तेव्हाच एक मिशीवाला कुरियर घेऊन आला. "सर, सही."

"आज सही नाही," आनंदराव म्हणाले.

त्यानं आपलं बॉलपेन पुढे केलं. आनंदरावांनी ते घेतलं, गंध लावलं आणि देवीपुढे ठेवलं!

"बरं, मग मोबाइलवर बोटानं करा," तो काकुळतीला आला. मोबाइललाही कुंकू लागलं. तो देवीपुढे जायच्या आत मात्र त्यानं झडप घालून परत घेतला आणि पार्सलसकट पळाला.

त्या पार्सलमध्ये काय असावं? आनंदराव तीन आठवडे जिची वाट बघत होते, ती शाईची बाटली!

*

तर परीक्षेचा शेवटचा पेपर. मी एका कागदावर दोन्ही शायांनी एकेक ओळ लिहिली आणि हेमाला बोलावलं. पेनं लपवून ठेवली होती.

"खालची छान आहे," हेमा म्हणाली. "काय सुरेख निळा आहे! पाकिटातलं पेन ना?"

पेन पाकिटातलंच होतं, पण सेतुरावांनी ठोकून बसवलेलं. आतली शाई बाटलीची! आनंदराव काठी टाकून उभे राहिले. "जिंकली! माझी बाटली जिंकली!"

हेमा शांतपणे म्हणाली, "मग उत्तमच झालं. सेतुमामा सिरिंजनं भरून देतील. बाटली त्यांच्याच घरी ठेवू या."

"ठेवतो की!" सेतुराव म्हणाले. ह्या माणसाला फुकट मिळालेलं काहीही नको म्हणता येत नाही.

आनंदराव दोन रविवार त्यांच्याशी बोलले नाहीत. मधल्या रोजच्या सकाळी ते काय करत असतील, ह्या विचारानं मलाच चैन पडेना.

*

मग आली गोकुळाष्टमी. आमच्याकडे त्या दिवशी कृष्णाची पावलं काढतात. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर बोटानं पाच ठिपके द्यायचे. डाव्या मुठीचा डावा पाय, उजवीचा उजवा. दारापासून देवघरापर्यंत बाळ चालत आलं!

हेमा स्वयंपाकघरात सीडै, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, तळत होती. सीडै कढईत फुटते, त्यामुळे चुलीपासून हलता येत नाही. पावलं नंतर काढायची होती. हा मोका साधून सेतुराव पिशवीतून बाटली घेऊन आले. अबोला सोडवायला.

आनंदरावांचा चेहरा असा खुलला! पेन काढलं, झाकण उघडलं, आणि हात थरथरला.

बाटली आडवी. पांढऱ्या टाइल्सवर निळं तळं.

सेतुराव उपरण्यानं पुसायला गेले आणि तळं दुप्पट झालं. "आता गेली बाटली," मी पुटपुटले.

"हात धरा, टीचर," आनंदराव म्हणाले. मी त्यांचा डावा हात धरला. ते हळूहळू खाली बसले, उजवी मूठ शाईत बुडवली आणि टेकवली. पाच ठिपके. पुढे सरकले. पुन्हा मूठ, पुन्हा ठिपके. असं करत करत थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत!

"कृष्ण निळाच ना?" ते धापा टाकत म्हणाले.

तेवढ्यात हेमा झारा हातात घेऊन बाहेर आली. आधी तळ्याकडे बघितलं. मग एकेक पाऊल बघत देवघरापर्यंत गेली. आनंदरावांनी उजवा हात पाठीमागे लपवला. आत कढईत एक सीडै फटकन फुटली.

"मामंजी," हेमा म्हणाली, "कृष्णाला दोन्ही पाय उजवेच?"



तिनं झारा माझ्या हातात दिला, पदर खोचला, म्हणाली, "सरका जरा," आणि खाली बसून डावी मूठ शाईत बुडवली.