सातवा टेकू

अर्धा तास पडते, मग टेकू काढते, असं लेकीला, प्रणालीला, आणि जावयाला सांगून मी वरच्या नव्या खोलीत आडवी झालेय. रविवारची दुपार, अडीच वाजलेत. खाली शेवयांची खीर झाकून ठेवलीय, पाच वाजता बायका येणार. डोळे मिटले तरी माझे हात काही थांबत नाहीत, बोटं आपली चादरीवर सिमेंट सारवत फिरतायत. चौदा महिन्यांची खोड आहे ती, एका दुपारीत थोडीच जाणार?

सूतगिरणीत सकाळी सात ते साडेतीन. घरी आलं की घटाघटा चहा प्यायचा आणि थापी हातात घ्यायची, ती दिवस मावळेपर्यंत. नवरा ट्रकवर. महिन्यातले चार दिवस घरी, त्यातले तीन झोपेत. दोन गवंडी येऊन खोलीची जागा बघून गेले, "सांगतो ताई" म्हणाले, ते गेले ते गेलेच. म्हटलं, जा बाबांनो. गवंड्याचीच लेक आहे मी. पोरीचं लग्न झालेलं, आज ना उद्या पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि खालच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत तिला निजवायचं कुठं? म्हणून जुन्या स्लॅबवर ही पत्र्याची खोली बांधली. बाळाला कोवळं ऊन मिळावं म्हणून पुढं चार फूट गॅलरीही काढली, अंगणावर अधांतरी. बावीस दिवस पाणी मारलं तिला. आज प्रणालीला सातवा लागलाय, तिचं डोहाळजेवण त्याच गॅलरीत. मंडपवाल्यानं लोखंडी झोपाळा सकाळीच आणून ठेवलाय. राहिलेत ते गॅलरीला खालनं दिलेले सहा टेकू, ते काढल्याशिवाय बायकांना दारातनं आत येता यायचं नाही.

डोळा लागतोय. पत्रा तापून टकटक वाजतोय. मग तो वाजायचा थांबतो आणि मी बघते तर गॅलरीच्या उंबऱ्यावर अण्णा बसलेत.

माझे वडील. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

हे मला ठाऊक आहे, झोपेतही पक्कं ठाऊक आहे. अंगावर तीच बंडी, भुवयांवर सिमेंटची भुकटी. माझ्याकडं बघत नाहीत, भिंतीवरनं तळवा फिरवतायत.

"शाले, भिंत एक सूत बाहेर गेलीय."

"गिलाव्यात घेतली आत," मी म्हणते.

"हां. चालतंय. किती बायका येणार?"

"पंचवीस. गिरणीतल्या सगळ्या, शिवाय आपली गल्ली."

एरवी अण्णा हसले असते, म्हणाले असते, पंचवीस बायका म्हणजे भोंगाच की गं. आज हसत नाहीत. उठतात आणि गॅलरीत जातात. मला उठायचं नाहीये, तरी मी उठून त्यांच्या मागं निघते.

गॅलरी चार फुटांची नाही. ती लांबच लांब गेलीय आणि दोन्ही बाजूंना गिरणीतली मशिनं लागलीयत, पण आवाज नाही. चात्या गरागरा फिरतायत, मुक्यानं. गिरणीतल्या बायका हिरव्या साड्या नेसून रांगेनं मांडी घालून बसल्यात, प्रत्येकीच्या पुढ्यात ओटीचा नारळ. पार टोकाला झोपाळ्यावर प्रणाली. फुलांची वाडी घातलीय तिला, हातात फुलांचं धनुष्य. माझी गुणाची पोर, काय गोड दिसतेय. मला हाक मारायची आहे. तेवढ्यात एक नारळ गडगडतो.

कुणी ढकललेला नाही. आपोआप, सावकाश, टोकाकडं. मग दुसरा. बायका गाणं म्हणतायत, ओठ हलतायत, आणि सगळे नारळ प्रणालीच्या झोपाळ्याखालनं जाऊन काठावरनं खाली पडतायत. पडल्याचा आवाज येत नाही. अगं बाई, उतार कुठनं आला? पाणसळ लावून तपासलं होतं मी!

"अण्णा!" मी वळते. अण्णा नाहीत.

मी काठाशी जाऊन खाली वाकते. खाली अंगण आहे, आमचंच, तुळस आहे, पण एकही टेकू नाही. टेकूंच्या जागी अण्णा उभे आहेत. दोन्ही हात वर केलेत, आणि अख्खी गॅलरी, पंचवीस बायका, झोपाळा, माझी पोटुशी पोर, सगळं त्यांच्या दोन तळव्यांवर आहे. मान तिरकी झालीय. दंड थरथरतायत.

सहा टेकू मी मोजून लावले होते. हा सातवा.

"किती वेळ धरू, शाले?" ते म्हणतात. आवाज अगदी माझ्या कानाशी येतो.

मी जिन्याकडं पळते. जिना उतरतेय, उतरतेय, पायऱ्या संपतात तिथं वाळूचा ढीग आहे आणि माझ्या हातात चहाची किटली. मी दहा वर्षांची आहे. मे महिन्याची सुट्टी, मी घमेली उचलायला अण्णांबरोबर कामावर आलेय. कुणाच्या तरी बंगल्याची गॅलरी भरायची आहे आज. अण्णा फळ्यांवर उकिडवे बसून सळ्या बांधतायत, माझ्याकडं पाठ करून.

"एवढ्यात आलीस चहा घेऊन?" ते दचकतात आणि आडवे होऊन सळ्या झाकतात, चक्क अंगानं. "जा, आणखी बिस्किटं घेऊन ये."

मला आठवतं. स्लॅबच्या वेळी मी सगळं बघायची. सळ्या तळाला, त्यांच्या खाली सिमेंटचे चपटे तुकडे, वरनं काँक्रीट. गॅलरीच्या वेळी मात्र दरवेळी मला चहाला पाठवायचे. परत येईपर्यंत काँक्रीट पडलेलं असायचं. पोरीच्या जातीनं सगळं शिकून काय करायचंय, असं आईला म्हणताना मी ऐकलंही होतं.

"अण्णा, काय झाकताय? दाखवा मला."

ते उठत नाहीत. मी पुढं होते, तर त्यांच्या अंगाखाली सळ्या नाहीतच, एक बादली आहे. रिकामी, लोखंडी, तारेच्या कडीची.

"हात लांब कर," ते म्हणतात. "असा सरळ, भिंतीतनं निघाल्यासारखा."

मी हात पुढं करते. आता मी दहा वर्षांची नाही, पन्नाशीला टेकलेली आहे, गिरणीतल्या निळ्या झग्यात. ते बादलीची कडी माझ्या चार बोटांत अडकवतात आणि वरनं एक नारळ टाकतात. मग आणखी एक.

"कुठं ताणतंय?"

"खांद्यावर."

"वरच्या अंगाला का खालच्या?"

तिसरा नारळ. चौथा. कडी बोटांत रुततेय. "वर, अण्णा. वरच्या अंगाला. बास करा."

"बगलेत दुखतंय काय?"

"नाही."

"मग गॅलरीत सळई कुठं पाहिजे?"

मला उत्तर कळलंय. ते नारळ टाकत राहतात. दहा, अकरा. बादली भरून वर ढीग झालाय आणि अजून पडत नाही.

"तू कुठं टाकलीस, शाले?"

"खाली," मी म्हणते. "स्लॅबसारखी. तळाला."

अण्णा डोळे मिटतात. मला वाटतं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मीच पाठवली तुला चहाला," ते म्हणतात. "चूक झाली माझी, बाळा."

तिथं माझं डोकंच फिरतं. भीती एवढी आहे की तिचा राग होतो. "आत्ता सांगताय? पोर आत्ता तिथं बसणार, आणि आत्ता सांगताय? चौदा महिने कुठं होता तुम्ही? एकदा यायचं नव्हतं?"

"रोज येत होतो की," अण्णा म्हणतात. "गिरणीतनं आलीस की थापी, थापी ठेवलीस की चूल, पाठ टेकलीस की लगेच भोंगा. चौदा महिन्यांत तू झोपलीस कधी, ते तरी सांग."

मला रडू येतं. त्यांच्या पायाला हात लावावा म्हणते, पण माझा हात बादलीच्या कडीत अडकलाय, सोडवत नाही.

कुठनं तरी आवाज येतो. ठक्.

अण्णा मान वर करतात. त्यांच्या चेहऱ्यावरची भुकटी भुरुभुरु गळतेय, खालचा चेहरा मला दिसत नाही.

"कोण काढतंय गं?"

ठक्. ठक्.

"शाले, ऊठ. माझ्यानं धरवत नाही आता. ऊठ!"

मी ताडकन उठून बसते. पत्रा टकटक वाजतोय. घामानं न्हालेय. आणि तो दुसरा आवाज खरा आहे, खालनं, अंगणातनं येतोय.

गॅलरीच्या दाराशी जाते तो काय, प्रणाली पार कठड्यापाशी उभी राहून झेंडूची माळ बांधतेय. एक हात पोटावर. माझी चाहूल लागून वळते, हसते. "अगं, झोप की अजून जरा. हेच म्हणाले, आईंना उठवू नको, मी काढतो टेकू. तीन काढलेसुद्धा."

उंबऱ्याला लागून केसाएवढी चीर गेलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी मी स्वतः ही जागा पुसलीय. चीर नव्हती.

"जावईबापू!" मी ओरडते. आवाज माझा मलाच ओळखू येत नाही. "हातोडा टाका! टेकूला हात लावू नका, बाहेर व्हा आधी, रस्त्यावर जा!"

खालची ठकठक थांबते. "काय झालं, आई?"

"बाहेर व्हा म्हणते ना!"

चपला अंगणातनं फाटकाकडं गेलेल्या ऐकू येतात. मी उंबऱ्याच्या आतच थांबते. माझा भार तिच्यावर पडायला नको. हात लांब करते.

"पोरी, माळ सोड. भिंतीच्या कडेनं ये. सावकाश. धावू नकोस."

"आई, तू मला घाबरवतेयस."

"घाबर. पण ये."

चार फूट. ती चार पावलं टाकते आणि मी एकेक पाऊल मोजते. तिचा हात हाताला लागतो तशी मी तिला आत ओढते, खोलीत, भिंतीपाशी, जुन्या स्लॅबवर. आम्ही दोघी खालीच बसतो. मी तिला सांगते: गॅलरीच्या सळ्या मी तळाला टाकल्यात गं, वर पाहिजे होत्या. गॅलरी फोडायची. डोहाळजेवण मारुतीच्या देवळात करू, नाहीतर गल्लीत करू, कुठंही करू. चुकले मी. माझ्या हातानं मी तुला...

"बास, आई. आलेय ना मी आत." ती माझा हात पोटाशी ओढून घेते आणि एकदम थांबते. तळवा उलटा करून उजेडात धरते. चारही बोटांवर आडवा, लालभडक, खोल वळ उठलाय, मध्ये कातडी सोलवटलीय.

"हे काय झालं?"

"काही नाही. बादलीची कडी रुतली. पाणी भरलं ना सकाळी."

प्रणाली वळावरनं हळूच बोट फिरवते.

"दोन दिवस नळाला पाणीच आलेलं नाही, आई," ती म्हणते.