हिरव्या रंगाखालचा शेंदूर

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा आणि मोटरसायकली ठाण्या-कल्याणात सर्रास दिसत. मी कल्याणला फौजदार होतो. मिठागरात राबणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. त्याचा अभिमान तेव्हा होता, आजही आहे.

टिटवाळ्याच्या रस्त्यावर एका तरुण डॉक्टरची तसलीच मोटरसायकल धावता धावता पुढून मोडली. डॉक्टर जागीच गेला. पुढचं चाक धरणारा लोखंडी चिमटा तुटला होता. तो कल्याणच्या एका मिस्त्रीने नुकताच बसवलेला. वरिष्ठांनी निष्काळजीपणाचा गुन्हा लावून मिस्त्रीला कोठडीत टाकलं.

"साहेब, मिलिटरीचा कोरा माल होता. सीलबंद पुडक्यातून काढला," तो परत परत सांगत होता.

"सगळे हेच म्हणतात," वरिष्ठ म्हणाले.

मी तो तुटलेला चिमटा हातात घेतला. तुटल्या जागी थोडा भाग चकचकीत, बाकीचा गंजून काळा. आज तुटलेलं लोखंड आतून काळं कसं असेल? चीर जुनी होती आणि तिच्यावर वेल्डिंगचा थर चढवला होता.

मिस्त्रीला तो चिमटा विकणारा शेट गावातलं बडं प्रस्थ. बाजारात त्याच्याविषयी तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं. शेवटी एक टांगेवाला हळूच म्हणाला, "शेटची माजिवड्याची वखार बघा साहेब. जुनं भंगार आत जातं न् नवं होऊन बाहेर येतं. जादूगारच तो!"

माजिवडं ठाणे शहराच्या हद्दीत, म्हणून तिथले सहकारी आणि दोन पंच घेऊन वखारीवर छापा घातला. शेट तिथेच होता. मेणकागदात बांधलेली पुडकी ओळीने रचलेली. मी आवाज चढवला नाही. शेटला त्याच्या मालाची तारीफ करू दिली. तोही खुलला.

"थेट डेपोतला माल! गोऱ्याने बांधला तसाच आहे. मधे कुणाचा हात लागलेला नाही."

तेच लिहून घेतलं, सही घेतली. मग एक पुडकं फोडलं. आतल्या चिमट्यावरचं ग्रीस लोण्यासारखं मऊ. लढाईतलं ग्रीस इतक्या वर्षांत घट्ट व्हायला हवं होतं. रॉकेलने ते पुसलं आणि चाकूने हिरवा रंग खरवडला. खाली शेंदराचा टिळा! कुणीतरी दसऱ्याला गाडी पुजलेली.

शेट हसला. "मिलिटरीत हिंदू नसतात का साहेब?"

"असतात की! पण हात लागला नाही असं तुम्हीच सही करून सांगितलंत. आणि शेंदूर रंगाच्या खाली आहे. आधी पूजा, मग रंग. हा कोरा माल?"

त्याचं हसू गेलं. बाकीची पुडकी फोडली, तर निम्म्या मालावर जुने जोड निघाले. तासाभरात वखारीतल्या रंगाऱ्याने सगळं कबूल केलं.

मिस्त्री सुटला. कोठडीबाहेर येऊन म्हणाला, "साहेब, तो जोड मला दिसायला हवा होता. डॉक्टरांच्या आईला काय तोंड दाखवू?"

"तो दिसू नये म्हणूनच रंग फासला होता!" मी ओरडलोच. माझा राग त्याच्यावर नव्हता.

खटला चालला, शेटला शिक्षा झाली. तोवर तो मला वकिलाबद्दल, जामिनाबद्दल, जप्त मालाबद्दल शंभर गोष्टी विचारत होता. मेला तो कोण होता, हे त्याने एकदाही विचारलं नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत समोरचा माणूस आधी कशाची चौकशी करतो, ते मी कान देऊन ऐकत आलो.